हेब्बाळला झोपणारे आजोबा

संगणकाच्या यंत्राने मला स्वच्छ विचारलं होतं, "नक्की?" आणि गणितात पहिला वर्ग मिळवलेली, दोन वेण्यांची, कांजी केलेल्या कडक साडीतली जी बया समोर बसली होती, तिने एका बोटाने टाइप केलं, "होय." ती बया मी. त्या एका होयने आमच्या कारखान्यातल्या सगळ्या माणसांच्या नोकऱ्या पुसल्या गेल्या. म्हणजे माणसं आपापल्या लेथवर होती तशीच होती. पण कोण कधी लागला, कुणाला बढती मिळाली, कुणाची रजा उरली, हे सांगणारी टेप कोरी झाली. जुनी रजिस्टरं नव्या यंत्राच्या कौतुकात आधीच रद्दीत गेली होती.

आज माझी नात एचएसआर लेआउटमधल्या तिच्या खोलीत काळ्या पडद्यावर दोन ओळी मारते आणि बिघडलेलं सगळं पुन्हा कालच्यासारखं होतं. "रोलबॅक केलं गं आजी," म्हणते आणि चकली तोंडात टाकते. साठच्या दशकात आमच्या बेंगळूरात हे रोलबॅक सायकलवरून जा-ये करत असे. त्याचं नाव हुद्दारअण्णा.

हुद्दारअण्णा यंत्रखोलीचे प्रमुख. मूळचे निपाणीकडचे. उंच, जरा वाकलेले, आणि हातात बांगड्या. थट्टा नाही. त्या काळी टेपच्या चाकाला मागून प्लास्टिकची एक कडी बसवावी लागे. कडी असली तर यंत्र त्या टेपवर लिही, नसली तर नुसतं वाची. लिहिणं म्हणजे आधीचं पुसणं, तेव्हा कडी म्हणजे पुसायचा परवाना. बाकी ठिकाणी असल्या कड्या खोक्यात पडून असत म्हणे. आमचे अण्णा त्या सगळ्या मनगटात घालून हिंडत. कडी हवी असेल त्याने त्यांच्यासमोर उभं राहून कारण सांगायचं. मग ते मूठ आवळून एक कडी अशी उतरवून देत, की जणू लेक सासरी चालली आहे. कॅन्टीनमध्ये कॉफीचा लोटा उचलला की कड्या खुळखुळत आणि टेबलापलीकडचे फिटर माना खाली घालून हसत.

अण्णांना सगळ्याची भीती वाटे. विजेची, मुंग्यांची, लोहचुंबकाची, माझ्या केसांतल्या पिनांची. कुणाच्या घरी गेले तर चपला काढण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत. आमच्या चिकपेटेतल्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी तीन भिंती वाजवल्या आणि चौथीपासून लांब पाट मांडायला सांगितला. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला आत बोलावून विचारलं, की हे तुमचे साहेब आहेत की गवंडी?

आणि एक पालुपद. कानडी-मराठीची मोट बांधलेलं. "स्वल्प भ्यावं, अक्का. रोज स्वल्प भ्यावं." मी त्यांच्या निम्म्या वयाची, तरी अक्काच. मला वाटे, माणूस हुशार आहे पण भित्रा. मी स्वतः कशालाच भीत नसे. भ्यायला थोडी अक्कल लागते.

टेपांच्या पिढ्यांचं प्रकरण त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कालची टेप म्हणजे बाप. ती यंत्राला वाचायला द्यायची, सोबत दिवसभरातले बदल भोकं पाडलेल्या कार्डांवर द्यायचे. दोन्ही मिळून यंत्र नव्या टेपवर आजची यादी उतरवणार. तो मुलगा. दुसऱ्या दिवशी मुलगा बाप होतो आणि बाप आजोबा. हे नामकरण परदेशातूनच आलेलं होतं, पण अण्णांनी ते मनावर घेतलं होतं. "मुलगा बिघडला तर बापावरून परत करता येतो. बाप बिघडला तर आजोबांवरून. कार्डं तेवढी जपायची," ते म्हणत. इथवर ठीक. पण आजोबांना ते कारखान्यात राहू देत नसत. रोज संध्याकाळी आजोबांची टेप एका पिशवीत घालून सायकलच्या दांड्याला बांधत आणि हेब्बाळच्या तळ्याकाठी, स्वतःच्या घरी नेत. "तीन पिढ्या एका छपराखाली झोपवायच्या नाहीत." कारखान्याच्या साहेबांनी हसून परवानगी दिली होती. वेड्याशी वाद कोण घालणार?

माझी गोष्ट मात्र साहेबांनी हसण्यावारी नेली नव्हती. मुलींनी कार्डांना भोकं पाडावीत, यंत्रासमोर बसू नये, हे त्यांचं मत. अण्णांनी माझ्यासाठी शब्द टाकला. साहेब म्हणाले, बसवा, पण काही झालं तर दोघांनीही घरी जायचं. घरी म्हणजे माझ्या बाबतीत काय, ते ठरलेलं होतं. नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढणार नाही, असं अप्पांनी कबूल केलं होतं. आणि नोकरी सुटली तर आमच्या गल्लीतल्या बिजागऱ्या विकणाऱ्याचं स्थळ तयार होतं. त्याला मी दुरून पाहिलं होतं. तो बिजागरी उघडझाप करून गिऱ्हाइकाला दाखवत होता. (पुढे मी त्याच्याशीच लग्न केलं आणि बरं केलं. पण तेव्हा तो दिसला की मी दुसऱ्या गल्लीने घरी जाई.)

त्या सकाळी मुलगा बिघडलेला निघाला. टेपेला चुणी पडली होती, यंत्राला वाचता येईना. घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाप होता, कार्डं होती, पुन्हा मुलगा करायचा. छताला ओल दिसते म्हणून अण्णा साहेबांकडे तक्रार घेऊन निघाले होते. जाताना त्यांनी कोऱ्या टेपेसाठी एक कडी माझ्या हातात ठेवली आणि मी येईपर्यंत थांबा, असं बजावलं.

थांबते कशाला? मला साहेबांना दाखवायचं होतं. दोन्ही चाकं दिसायला सारखी. मी ऐटीत कडी बसवली ती बापाच्या चाकाला. कोऱ्या टेपेला बसवायची होती. मग आज्ञा टाइप केली. यंत्राने टकटक करून उत्तर छापलं, की लिहायच्या टेपेला कडी नाही. आता शहाण्या माणसाने काय करावं? उठून चाकाच्या मागे बघावं. मी ठरवलं, माझी कडी चुकणं शक्य नाही, तेव्हा टेपा फिरवणाऱ्या दोन यंत्रांचे नंबरच मी उलटे टाइप केले असणार. ते उलटे केले, म्हणजे आता पुसला जाणार होता बाप. मग यंत्राने तो प्रश्न विचारला. आणि मी होय म्हटलं.

चाकं फिरू लागली. तो सुईंऽ आवाज मला इतका आवडायचा, की मी ताल धरला होता. अण्णा आत आले, त्यांनी आवाज ऐकला, कुठलं चाक फिरतंय ते पाहिलं, आणि दारातच थांबले. त्यांच्या हातातल्या कड्या वाजायला लागल्या. त्यांनी हात छातीशी धरला तरी वाजतच राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं.

भीती म्हणजे काय ते मला तिथे कळलं. ती खोली यंत्रासाठी थंडगार ठेवलेली असे. माझ्या तळव्यांना घाम आला आणि तो तसाच गार झाला. आपण कुणाकुणाला पुसलं, त्यांची तोंडं दिसू लागली. रोज फाटकापाशी "काय अक्का, ऊट आयता?" म्हणून जेवणाची चौकशी करणारा पहारेकरी, निवृत्तीला आलेला ओतशाळेतला म्हातारा. साहेब, अप्पा, बिजागऱ्या, सगळं एकदम गळ्याशी आलं.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी यंत्र थांबवलं आणि म्हणाले, "चला. आजोबांना आणू."

आम्ही ऑटो केली. जाताना ते चालकाला घाई करत होते आणि मी मनात गणपतीला काहीबाही कबूल करत होते. आता उरली होती ती एकच टेप, आणि ती तळ्याकाठच्या दमट घरात. बुरशी धरली असेल तर? मुंग्यांनी खाल्ली असेल तर? विचारायचा धीर होईना. अण्णांची बोटं ऑटोच्या पत्र्यावर टकटक करत होती.

घर एका खोलीचं. भिंती विटांच्या, छप्पर हलक्या पत्र्याचं. मधोमध कॉट, आणि कॉटवर भिंतीपासून लांब टेपेचा डबा, लहान मुलाच्या वाकळेत गुंडाळलेला. चिंध्यांची, लाल काठाची, दोन हातांत मावेल एवढी वाकळ. शेजारी अण्णांचे वडील बसले होते. त्यांना दिसत नव्हतं. एक हात वाकळेवर ठेवून ते बसले होते. मुंग्या आल्या तर हाताला कळाव्यात म्हणून.

डब्याच्या कडांना मुंग्या लागू नयेत म्हणून अण्णा फडक्यावर कंदिलाचं रॉकेल घ्यायला बाहेर गेले, तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, वाकळ छान आहे.

"आमच्या बाळूची, ह्याच्या लेकाची," म्हातारबाबा म्हणाले. "पावसात गावाकडची भिंत बसली तेव्हा पोर आत निजलेलं. मी सोप्यात होतो म्हणून ऱ्हायलो. हा इथं ड्युटीवर." मग हात पुढे करून त्यांनी वाकळ चाचपली आणि विचारलं, "संध्याकाळी परत आणतासा न्हवं ह्येला?"

मी हो म्हटलं. हे दुसरं होय मात्र मी विचार करून म्हटलं.

परतताना वाकळेतली टेप माझ्या मांडीवर होती आणि अण्णा चालकाला हळू, हळू म्हणत होते. खड्डा आला की आम्ही दोघंही तिच्यावर हात ठेवत होतो.

यंत्रखोलीत मी त्यांना खुर्ची दिली. ते बसेनात. "तुम्हीच लिहा," म्हणाले. "आता तुम्ही भ्यालाय. तुमच्याइतकं सांभाळून आज दुसरं कोण लिहील?" आणि त्यांनी मनगटातली कडी काढून माझ्या हातात दिली.

मी चाकं तीनदा उलटून पाहिली. आजोबांना कडी नाही. कोऱ्या टेपेला आहे. एकेक अक्षर शोधून आज्ञा टाइप केली, वाचली, पुन्हा वाचली. यंत्राने विचारलं, नक्की? मी अण्णांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मी होय लिहिलं. आजोबा फिरू लागले, मध्येच अडखळले. मग यंत्राने तोच तुकडा पुन्हा वाचला आणि ते पुढे सरकले. परवाची कार्डं दिली, बाप उभा राहिला. कालची कार्डं दिली, मुलगा उभा राहिला. पहारेकरी परत आला, ओतशाळेतला म्हातारा परत आला. दुपार कलताना साहेबांनी आत डोकं घालून विचारलं, सगळं ठीक? अण्णा म्हणाले, छताची ओल तेवढी बघा.

सुटीच्या वेळी ते आजोबांची टेप पुन्हा वाकळेत गुंडाळत होते. रोज घरी गुंडाळत असावेत तशीच, आधी डावा कोपरा, मग उजवा, वरून एक थोपटणं. मला रडू आवरेना. मी म्हटलं, की अण्णा, आज तुमच्यामुळे सगळं परत मिळालं.

त्यांनी गाठ मारली, पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलगा गेला तर परत करता येतो, अक्का. टेपचं बोलतोय मी."