अहिररावांचा सरळ रस्ता

बायको खालच्या किराणा दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी असताना तिच्याकडे न पाहता जिना चढून जाणारा, स्वतःच्या दाराला हात लावून परत खाली येणारा आणि मग "बोल, काय उचलायचं?" असं विचारणारा नवरा मी कुवेतच्या सबाह अल-सालेम वस्तीत एकच पाहिला. ते आमचे शेजारी अहिरराव. मूळचे नाशिकचे, शुऐबातल्या एका वर्कशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर. मी तिथेच हिशेब पाहतो, म्हणून माझं जाणं-येणं त्यांच्या गाडीतून.

दाराला हात लावण्यामागे कायदा होता. कामावर जाता-येता अपघात झाला, तर तो कामावरचाच धरतात आणि भरपाई मिळते. पण अहिररावांच्या मते रस्ता सरळ हवा. मध्ये वळलात, थांबलात, की संपलं. दाराला हात लागला म्हणजे माणूस घरी पोहोचला, हे मात्र त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. "वाकडी वाट बिनविम्याची," हे ते इतक्यांदा म्हणत की वर्कशॉपमधले केरळी वेल्डरही ते मराठीतून म्हणू लागले.

एकदा मला मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायचा होता. दुकान रस्त्याला लागूनच. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबू या.

"पाटणकर, त्या दोन मिनिटांत तुमचा पाय मोडला तर मी काय लिहू? केकपायी मोडला?"

आम्ही घरी आलो, त्यांनी दाराला हात लावला आणि त्याच रस्त्याने उलटे केक आणायला गेलो. गाडी जास्त चालवली की अपघाताची शक्यताही वाढते, असं मी त्यांना आकडेमोड करून सांगितलं.

"वाढते ना," ते म्हणाले. "पण ती खासगी शक्यता."

मागच्या हिवाळ्यात गुरवचा हात मोडला. गुरव आमचा फिटर, कणकवलीकडचा, मंगफ भागात इतरांबरोबर खोली करून राहणारा. संध्याकाळी तो कंपनीच्या बसमधून खोलीच्या एक थांबा आधी उतरला, बेकरीकडे जायला रस्ता ओलांडू लागला आणि एका पिकअपने त्याला उडवलं. अपघात कामावरचा ठरला तर हात बरा होईपर्यंत पगार चालू राहणार होता. नाही तर थोड्याच दिवसांत बिनपगारी रजा, आणि गावाकडचं सगळं घर त्या एका पगारावर. ठरणार होतं अहिररावांच्या शब्दावर.

खोलीसमोर उतरताना धडक बसली असं सांग, म्हणून सगळ्यांनी गुरवला पढवलं. तो हात गळ्यात अडकवून अहिररावांपुढे बसला आणि म्हणाला, "साहेबानू, मी खोटा बोलूचंय नाय. रोटी घेवक उतरलंय."

मी मनात म्हटलं, मेला बिचारा.

अहिररावांनी त्याला खोलीवर स्वयंपाक कोण करतं ते विचारलं. शेगडी एक आणि माणसं खोलीभर, गुरव म्हणाला. आपला नंबर लागेपर्यंत झोप येते, म्हणून रोटी बेकरीतूनच. रोज? रोज. अहिररावांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी त्यांना बोलावलं. पगारपत्रकासाठी मीही तिथे होतो. व्यवस्थापक उत्तरेकडचे. माणूस वाट सोडून गेला होता, मग अपघात कामावरचा असं लिहून तुमचाच नियम तुम्ही कसा मोडता, असं त्यांनी विचारलं.

अहिरराव शांतपणे म्हणाले, "साहब, मेरे घर में बीवी रोटी बनाती है. मैं बेकरी गया, तो वो वाकडी वाट. इसके घर का रास्ता ही बेकरी से जाता है."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पगारपत्रकाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी सही केली. प्रकरण पुढे मंजूर झालं आणि गुरवचा पगार थांबला नाही.

त्या संध्याकाळी गाडीत मी त्यांना चिडवलं, आज कायद्याला चांगलंच वळण दिलंत की. ते हसले नाहीत. म्हणाले, बायको वंदना इकडे येण्याआधी काही वर्षं ते अर्दिया भागात एकटे राहत होते.

"खोलीवर रोटी शिल्लक असली तरी बेकरीत जायचो. तिथला माणूस विचारायचा, किती?"

"मग?"

"एक म्हणायला धीर होत नसे, पाटणकर. दोन सांगायचो."