सातव्या पिल्लाचे कान

शिरवण्याच्या रंजिता पाटीलच्या घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, मार्गशीर्षात सात पिल्लं जन्मली. आई-बाप बोआ जातीचे साप: परदेशी, बिनविषारी आणि रीतसर नोंदणी झालेले. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, त्यामुळे रंजिताची आत्या राहीबाई बाळंतपणाला जातीनं हजर होती. सहा पिल्लं आई-बापासारखी तपकिरी निघाली. सातवं पांढरं-पिवळं, लाल डोळ्यांचं.

जन्म नोंदवायला दोघी विदेशी प्राणी नोंदणी कक्षात गेल्या. अर्जात एक रकाना होता: 'पालकांशी साम्य'. कक्षप्रमुख सुभाष कारखानीस यांनी सहा पिल्लांपुढे 'आहे' लिहिलं. सातव्याच्या फोटोपाशी त्यांचं पेन थांबलं.

"हे बाहेरून आणलंय."

"नाही साहेब. रंग तयार करणारं जनुक याला दोन्हीकडून बिघडलेलंच मिळालंय. आई आणि बाप, दोघांत त्याची एकेक प्रत लपलेली होती. वरून दिसत नाही."

"लपलेली?" कारखानिसांनी चष्मा काढला. "म्हणजे नोंदणीच्या वेळी पालकांनी माहिती दडवली."

"त्यांना कुठे माहीत होतं!"

"तसं त्यांच्याकडून लेखी आणा."

"माज्या डोल्यांदेखत जल्मली सातीच्या साती," राहीबाई म्हणाली. "माजी साक्ष घ्या."

"मावशी, तुम्ही घरच्या. घरच्यांची साक्ष चालत नाही."

एकवीस दिवसांत आनुवंशिकता सिद्ध करावी, अन्यथा जप्ती, असं पत्र रंजिताच्या हाती पडलं. जप्ती म्हणजे काय, ते समोरच दिसत होतं. कक्षातल्या कपाटावर, फुल स्पीडच्या पंख्याखाली, गेल्या वर्षी जप्त झालेला इग्वाना सरडा खोक्यात बसून होता. खोक्यावर लिहिलं होतं: 'मुद्देमाल'. सातव्याला उबदार पेटी लागायची आणि रंजिताच्या चिमट्याशिवाय ते कुणाकडून खायचं नाही.

पुढच्या खेपेला तिनं शास्त्र मांडलं. पिल्लू नर आहे. तीन वर्षांनी त्याची जोडी आईशीच लावायची. साधारण निम्मी पिल्लं पांढरी झाली की आईतलं लपलेलं जनुक सिद्ध.

"आईशी?" कारखानिसांनी दार लावून घेतलं. "शासकीय कागदावर?" शेरा पडला: 'प्रस्ताव कुटुंबव्यवस्थेस बाधक.'

मग तिनं गणित मांडलं. अशा जोडीच्या पिल्लांत चारात एक पांढरं, असं प्रमाण असतं. कारखानीस खूश झाले. प्रमाण म्हटलं की त्यांना निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटे. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला.

"सातात पावणेदोन. एक तुम्ही दाखवलंत. उरलेलं पाऊण पिल्लू कुठे विकलंत?"

"साहेब, ती सरासरी असते."

"इथे सरासरी चालत नाही, मॅडम. इथे नग लागतो."

'पाऊण पिल्लू बेपत्ता' या विषयाची दुसरी नोटीस निघाली.

अठराव्या दिवशी मात्र साहेबांना दया आली. "नवजात आहे ना? मग रंग बदलेलही. खरा रंग कानाच्या पाळीवर कळतो. कान कसे आहेत?"

"सापाला बाहेरचे कान नसतात."

"नसतात, की कापलेत?"

रंजितानं पशुवैद्याचा दाखला आणला: 'कान जन्मतः नाहीत.' तो फाईलला जोडला गेला आणि फाईल संशयास्पद कप्प्यात गेली.

एकविसावा दिवस उजाडला. दोघी पोचल्या तेव्हा कारखानीस पेढे वाटत होते.

"नातू झाला! आमच्याकडे सगळे सावळे, हा मात्र गोरापान. मी स्वतः टोपरं सरकवून पाहिलं, कानसुद्धा गुलाबी!"

"मंग कुनावर गेला?" राहीबाईनं पेढा तोंडात टाकत विचारलं.

"आमच्या हिच्या आजीची एक मावशी गोरी होती म्हणे."

"तुमी पाह्यली तिला?"

"मी कुठून पाहणार? रक्तात असतं ते, मावशी. दोन-तीन पिढ्या दडून बसतं आणि अचानक वर येतं."

रंजितानं सातव्याची फाईल कप्प्यातून काढून त्यांच्यापुढे सरकवली.

कारखानिसांनी फोटो पाहिला. हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. मग 'पालकांशी साम्य' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आजीच्या मावशीवर गेले', आणि शिक्का मारला. रंजितानं एकवीस दिवसांचा श्वास सोडला.

"थांबा," साहेब म्हणाले. आता त्यांच्यासमोर उरलेले सहा फोटो होते. "भाऊ एवढा उजळ, आणि ही सहा अशी कशी?"

दहा मिनिटांत नोटीस टाईप झाली. भाऊ गोरा असताना आपण असे का, याचा खुलासा सहाही पिल्लांनी सात दिवसांत करावा.

रंजिता तीन बहिणींतली एकटी काळी. ती कागद हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"ठेव गो नीट," राहीबाई म्हणाली. "त्यांना लेखी तरी मिलली. तुला बारशालाच तोंडी दिली व्हती सगल्यांनी."

कारखानिसांना हसून झालं असेल, तर वाचकांनी एक करावं. शेवटचं बाळ पाहायला गेला होतात, तेव्हा त्याचं टोपरं कशासाठी वर सारलंत, ते आठवावं. खुलाशाची मुदत सात दिवस.