सागवानी पाळणा परमुलुखी गेला त्याची हकिगत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी एका संस्थानी जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. ऐकणाराने मध्ये हुंकार द्यावा, शहाणपणा शिकवू नये.

संस्थान म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, आणि तेथील धनीण मातुश्री मथुराबाईसाहेब. त्यांचे पुत्र निरंजनराव यांस समुद्रापलीकडे चाकरी लागली होती. सूनबाई केतकीबाई तिकडेच, आणि त्यांस दिवस गेलेले. मग निरंजनराव दहा दिवसांची रजा घेऊन आले ते घरची चीजवस्तू जहाजी घालावी म्हणोन, आणि मातुश्रींनी मागाहून बाळंतपणास यावे, पुढे तेथेच राहावे, ऐसा बेत ठरला. बाईसाहेब म्हणाल्या, कपाट न्या, पितळ न्या, नाहीतर भंगारात द्या, आम्हांस त्याचे सुखदुःख नाही. एक सागवानी पाळणा तेवढा नातवंडाच्या जन्माआधी सुखरूप पोचवा. यास कारण होते. बाईसाहेबांची पहिली कन्या त्याच पाळण्यात तीन महिन्यांची होऊन गेली. कोणी पाहुणी बोलता बोलता पायाने रिकामा पाळणा हलवीत बसली आणि चौथे दिवशी पोर तापाने गेली. डाक्तराने ताप सांगितला, बाईसाहेबांनी तो ऐकून घेतला, मानिला मात्र नाही. पुढे निरंजनराव जाहले तेव्हा लेकरू उचलले की त्या जागी गव्हाची पुरचुंडी ठेवीत, आणि पाळणा एक घटका रिकामा राहू देत नसत. लेक जगला. मग कोणाची काय छाती की बाईसाहेबांस वेडे म्हणेल?

असो. लाकडास कीड मारण्याची धुरी देऊन, शिक्का मारून पाळणा घरी आला, आणि सामान बांधणारांची फौज दोरखंड, खोकी, फुग्यांचा कागद घेऊन चालून आली आणि दोन प्रहरांत संसार आवळून मोकळी जाहली. त्यांचा कारभारी भला माणूस. त्याने यादी वाचून बजावून पुशिले, की धान्य, बी, माती, लोणचे काही आत नाही ना, तिकडील अंमलदार फार कडक आहेत. निरंजनरावांनी मातुश्रींकडे पाहिले. मातुश्रींनी मान हलवून नाही म्हटले, आणि खोटे बोलल्या ऐसे त्यांस स्वप्नीही वाटले नाही. कारण पाळण्यातील गोधडीच्या घडीत पाच मुठी गहू बांधून ठेविले होते खरे, परंतु ती पाळण्याची ओटी. ओटीस धान्य कोण म्हणतो? मग निरंजनरावांनी यादीवर सही ठोकिली, आणि बावीस नग खाली उतरले आणि ट्रक नाक्यावरून वळेतो बाईसाहेब गॅलरीत उभ्या होत्या.

जहाज दोन मास पाण्यावर होते. बाईसाहेब रोज फोनवर पुसत, कोठवर आले. माघ मासी ते बंदरास लागले आणि अंमलदारांनी नग फोडिले, तो गोधडीत गहू, आणि गव्हात किडे वळवळताहेत. निरंजनरावांनी हातापाया पडून पाहिले, गोधडी घ्या, पाळणा सोडा म्हटले. कोणी ऐकेना. पाळणा आणि गोधडी दोन्ही भट्टीत घालून जाळिली.

निरंजनरावांनी फोन केला तो रागे भरूनच. म्हणाले, "आई, सही माझी होती गं. तू गहू कशाला घातलेस?"

बाईसाहेब म्हणाल्या, "रिकामा कसा पाठवू, बाळा?"

मग केतकीबाईंनी फोन घेतला आणि बहुत मायेने समजाविले, की पाळणा येथे दुसरा मिळेल, तुम्ही मात्र नक्की या, मला माझी आई नाही, माझे बाळंतपण कोण करणार. बाईसाहेब हो म्हणाल्या. आणि दुसरे दिवशी विमानाचे तिकीट रद्द करविले, आणि लेकास गुडघ्याचे दुखणे कळविले. खरे कारण शेजारच्या शालनताईंस तेवढे सांगितले: "एकदा पाळणा माझ्या डोळ्यांदेखत रिकामा झाला. दुसऱ्यांदा माझ्याच करणीने जळाला. आता हे हात त्या लेकराला कसे लावू, सांगा."

शालनताईंनी खूप समजाविले, रागावल्या, रडल्यासुद्धा. तेहतीस कोटी देव उतरले असते तरी बाईसाहेब हलत्या ना. आम्हांस पुसाल तर ही माउली चुकली, साफ चुकली, आणि तिजवर रागवावे तर शब्द फुटत नाही.

फाल्गुनी केतकीबाई प्रसूत होऊन कन्यारत्न जाहले. गोरीगोमटी, धडधाकट, आता भिंत धरून चालते. रविवारी फोनच्या पडद्यावर आजीस पाहिले की "घे" म्हणून दोन्ही हात पुढे करते. बाईसाहेब हसतात, लाडाने चार शब्द बोलतात, आणि आपले हात पदराखाली घट्ट धरून बसतात.

सारांश इतकाच, की बावीस नग गेले, एकवीस पोचले, पोर सुखरूप आहे आणि आजीने तिला अजून घेतले नाही. कळले तितके लिहिले. लेखनसीमा.