काचेच्या कपाटातला फेब्रुवारी

पुस्तकाचे शत्रू तीन : वाळवी, ओल आणि वाचक. पैकी वाळवीवर औषध निघालं आहे आणि ओलीवर यंत्र. वाचकाचा बंदोबस्त मात्र भल्याभल्या ग्रंथालयांना जमलेला नाही. तो पुस्तक घरी नेतो, उशाशी घेऊन झोपतो, त्यावर कॉफी सांडतो आणि कधीकधी तर ते वाचतोही. अलाबामातल्या टॅलोवे गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने या तिसऱ्या शत्रूवर, निदान एका विषयापुरता, संपूर्ण विजय मिळवला. तो विषय म्हणजे काळ्या लोकांचा इतिहास आणि संस्कृती. विजयाचं साधन म्हणजे त्या इतिहासाचा उत्सव.

उत्सव दर फेब्रुवारीत होतो. (सबंध देशात तो याच महिन्यात होतो, यात टॅलोवेचा दोष नाही.) त्यासाठी सात जणांची समिती आहे. त्यातले सहा उत्साही आहेत आणि सातवी ओडेसा प्रुइट. ओडेसा पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर गेली कित्येक वर्षं बसते. ग्रंथालयात पगार घेणारी ती एकटीच काळी व्यक्ती असल्यामुळे समितीच्या प्रत्येक फोटोत तिला मधोमध उभं करतात. बैठकीत मात्र दाराजवळ बसवतात, कारण टेबलावर कोणी आलं तर तिला उठायला सोपं जातं.

यंदाचा कार्यक्रम भरगच्च होता. घानात दहा दिवस राहून आलेले एक गोरे दंतवैद्य आफ्रिकी ढोल शिकवणार होते. मुलांसाठी गोधडी रंगवण्याची स्पर्धा होती (गोधडी कागदाची). पीच कॉब्लर (पीच फळांचं भाजलेलं पक्वान्न) होतंच, कारण त्याच्याशिवाय इतिहास लोकांच्या घशाखाली उतरत नाही. गेल्या वर्षीच्या पाहणीत ब्याण्णव टक्के पाहुण्यांनी आपण भारावून गेल्याचं कळवलं होतं. उरलेल्या आठ टक्क्यांनी कॉब्लर लवकर संपल्याची तक्रार केली होती. समितीने या तक्रारीची गंभीर दखल घेऊन यंदा दोन पराती जास्त मागवल्या.

उत्सवाचा मानबिंदू म्हणजे काचेचं कपाट. गावातलं एक जुनं जवाहिऱ्याचं दुकान बंद पडलं, तेव्हा मालकाने तिथलं हे कपाट ग्रंथालयाला देणगी दिलं. आत मखमल, वर दिवे, बाहेर भक्कम कुलूप. जानेवारी संपता संपता काळ्या लोकांच्या इतिहासाची बेचाळीस पुस्तकं त्यात मांडायची आणि कुलूप लावायचं, हा शिरस्ता. किल्ली संचालक प्रेस्टन हॉलोवे यांच्या खिशात. महिनाभर लोक यायचे, काचेवर नाक टेकवायचे, हळहळायचे आणि कॉब्लरकडे वळायचे. फेब्रुवारी सरला की पुस्तकं खोक्यांत भरून तळघरात जायची. ती इतर पुस्तकांसारखी उघड्या फळ्यांवर ठेवून लोकांना का देत नाही, असं ओडेसाने पूर्वी एकदा विचारलं होतं. "लोकांनी परत केली नाहीत, तर पुढच्या फेब्रुवारीत मांडायचं काय?" असा बिनतोड जवाब समितीने दिला होता.

यंदा पहिल्याच सोमवारी क्लिओफस बाइनम टेबलासमोर येऊन उभे राहिले. माउंट निबो चर्चचे हे जुने डीकन, म्हणजे पाद्रीबुवांच्या खालोखाल मानाचे. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली. त्यामुळे अजूनही काही बोलण्याआधी ते मान वळवून मागची रांग बघून घेतात.

"पोरी, ते पुस्तक मोकळं झालं का?"

"काका, ते प्रदर्शनात लागलंय."

"ते दिसतंय मला. गेल्या मार्चात आलो तर म्हणालीस, तळघरात गेलं. आता वर आलंय. मग दे की!"

"वर आलंय ते बघण्यासाठी, काका. न्यायला नाही."

"आणि तळघरात असतं तेव्हा?"

"तेव्हा ते फेब्रुवारीची वाट बघत असतं."

काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे अकरा महिने अंधारकोठडी आणि एक महिना पहाऱ्यात उजेड. आपल्यातली काही पोरं भोगतात असं. पण त्यांच्यावर निदान कसलातरी आरोप असतो गं."

ओडेसाला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. "वॅश्तीमावशी कशा आहेत?"

"बहीणबाईंचे डोळे साखरेने नेले, जीभ ठेवली. रोज मला धारेवर धरते. म्हणते, आईचं नाव छापलेलं एकदा कानावर पडू दे, मग खुशाल जाते. ब्याण्णवची आहे ती. डॉक्टर मार्चाबद्दल काही बोलायला तयार नाही."

ते पुस्तक म्हणजे 'गिलियड स्ट्रीटची माणसं'. त्या रस्त्यावर राहणाऱ्या एका शिक्षिकेने लिहिलेलं आणि चर्चच्या वर्गणीतून छापलेलं. रस्ता पुढे महामार्गाखाली गेला, माणसं पांगली आणि घरोघरच्या प्रती सामान हलवताना कुठे कुठे गहाळ झाल्या. ग्रंथालयाची प्रत तेवढी उरली. तिच्यात क्लिओफस आणि वॅश्तीच्या आईवर, अर्झुला बाइनमवर, अख्खं पान आहे. अर्झुलाबाई खिडकीतून तळलेला कॅटफिश विकायच्या आणि शनिवारी त्यांच्या खिडकीपुढची रांग चर्चच्या पायरीपर्यंत जायची.

त्याच आठवड्यात संगणकाने आपलं वार्षिक काम केलं. तीन वर्षांत जे पुस्तक कोणीही घरी नेलेलं नाही ते रद्द करायचं, असा ग्रंथालयाचा नियम आहे. नियम चांगला आहे. जागा मोकळी होते. यंदा प्रथमच तळघरातली पुस्तकंही यात धरली, त्यामुळे यादीत सर्वांत वर ती बेचाळीसच्या बेचाळीस पुस्तकं होती. ती वर्षानुवर्षं कोणी नेली नव्हती, कारण ती नेऊ दिली नव्हती. पण हे संगणकाने कोणाला विचारलं नव्हतं. रद्द करण्याची तारीख पडली एक मार्च, म्हणजे उत्सवाचं सूप वाजल्याच्या दुसऱ्या दिवशी. पुस्तकांचा गौरव करणारा विभाग आणि पुस्तकं काढून टाकणारा विभाग एकाच मजल्यावर समोरासमोर बसतात. पण दोघेही आपापल्या कामात इतके चोख, की एकमेकांच्या कामात नाक खुपसत नाहीत.

ओडेसा यादी घेऊन थेट हॉलोवेसाहेबांकडे गेली.

"ओडेसा, तुझी तळमळ मला समजते," साहेब म्हणाले. (नकार द्यायचा असला की ते इथून सुरुवात करतात.)

"तळमळ राहू द्या, किल्ली द्या. ही पुस्तकं एकदा कुणी घरी नेली की यादीतून आपोआप सुटतील. माणसं मी आणते."

"ऐन उत्सवात कपाट रिकामं? लोक काय म्हणतील?"

"मग एक मार्चला द्या."

"एक मार्चला ती रद्द झालेली असतील. रद्द पुस्तक कसं देता येईल?"

"रद्दच करायची आहेत, तर आज मखमलीवर कशाला मांडलीत?"

"कारण आज ती आपला अमूल्य ठेवा आहेत." साहेबांचा आवाज खरोखर भरून आला. "हे बघ, नियम सगळ्या पुस्तकांना सारखा. या ग्रंथालयात आपण रंग बघत नाही."

(वर्षातले अकरा महिने तरी नाही.)

पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओडेसा बाहेर आली. तिला राग आला होता. तो ती दरवर्षी फेब्रुवारीभर गिळत आली होती, कारण नोकरी होती आणि कारण सगळे तिच्याशी इतके गोड वागत. यंदा तो गिळता येईना. समारोपाला एका वृद्धाला 'जिवंत इतिहास' म्हणून व्यासपीठावर बसवायचं समितीच्या डोक्यात होतं. ओडेसाने दाराजवळून बाइनमकाकांचं नाव सुचवलं आणि ते एकमताने मंजूर झालं.

"भाषणबिषण करू नका," तिने काकांना बजावलं. "कार्ड काढा आणि सरळ पुस्तक मागा. शंभर माणसांदेखत नाही म्हणायची त्यांची छाती होणार नाही."

"आणि म्हटलंच तर?"

"तर शंभर माणसं ऐकतील तरी."

समारोपाला सभागृह तुडुंब भरलं. काका तपकिरी सूट घालून आले होते. ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून त्यांनी आधी मान वळवून मागची रांग बघितली, मग खिशातून ग्रंथालयाचं कार्ड काढलं.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे कार्ड आहे. त्या कपाटात माझ्या आईबद्दलचं पुस्तक आहे. ते मला न्यायचंय. माझ्या बहिणीला दिसत नाही, तिला वाचून दाखवायचंय. परत आणून देईन. मी जन्मभर तुमची पोरं शाळेत नेली आणि एकूण एक परत आणली. पुस्तकही आणीन."

मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हुंदका दिला आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

"नाही, नाही," काका म्हणाले. "मला खरंच हवंय."

टाळ्या वाढल्या. दंतवैद्यांना राहवेना, त्यांनी ढोल धरला.

"कुणीतरी कपाट उघडा हो!" काका ओरडले. त्यावर मागच्या रांगांतूनही "वा, वा" आलं. इतकं प्रभावी सादरीकरण ग्रंथालयात आजवर झालं नव्हतं, असं नंतर सगळ्यांचं मत पडलं.

हॉलोवेसाहेब डोळे पुसत पुढे झाले. त्यांनी काकांना मिठी मारली, त्यांच्या हातातलं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि किल्ली काढली. कुलूप उघडलं. काच सरकली. साहेबांनी ते कार्ड 'गिलियड स्ट्रीटची माणसं'ला अलगद टेकवून उभं केलं, काच ओढली आणि कुलूप लावलं. छायाचित्रकाराला नीट मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा केलं.

कॉब्लरच्या रांगेशेजारी काका टोपी हातात घेऊन उभे होते. ओडेसा जवळ गेली.

"बघितलंस?" काका म्हणाले. "दोनदा उघडलं. आणि आता कार्डही गेलं."

एरवी रद्द पुस्तकं दारातल्या टेबलावर मांडून चिल्लरभावात विकतात. पण कृष्णवर्णीय वारसा चिल्लरभावात विकणं हा त्या वारशाचा अपमान ठरेल, हा मुद्दा त्याच रात्री समितीत निघाला आणि सर्वांना पटला. तेव्हा ती सन्मानपूर्वक कागद गिरणीकडे पाठवावीत, त्यांचा लगदा व्हावा आणि त्या कागदावर पुढच्या वर्षीची निमंत्रणं छापावीत, असं ठरलं. कपाटासाठी रातोरात मुखपृष्ठांच्या रंगीत प्रती काढून लाकडी ठोकळ्यांवर चिकटवण्यात आल्या. ठोकळे मजबूत असतात आणि ते कोणी वाचायला मागत नाही. काकांच्या कार्डाला चौकट मिळाली.

एक मार्चला सकाळी मागच्या दाराशी गिरणीची गाडी लागली. हॉलोवेसाहेब पुस्तकांना निरोप देतानाचा फोटो काढून घेण्यात गुंतले होते. ओडेसाने वरच्या खोक्यात हात घातला, हाताला हवं होतं तेच लागलं आणि ते कोटाच्या आत गेलं. ग्रंथालयाच्या नोकरीत तिने केलेली ही पहिली चोरी. अर्थात कायद्याने ती कचऱ्याची होती.

संध्याकाळी काकांनी बहिणीच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि चष्मा पुसून वाचायला घेतलं. अर्झुला बाइनम हे नाव आलं तशी वॅश्तीबाईंनी हात वर केला.

"थांब. पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"अजून एकदा. सावकाश. इथे काय बस चुकणार आहे?"

त्यांनी सावकाश वाचलं. पुढे मासा मैद्यात घोळवण्याचा उल्लेख आला, तेव्हा म्हातारी उशीवरून अर्धी उठली. "साफ खोटं! आई मक्याचं पीठ घ्यायची, जाडसर. मैदा लावला असता तर कुत्रं उभं राहिलं नसतं खिडकीत. कोण लिहितं हे असलं?" आणि मग ती रडली, आणि काका रडले, आणि ओडेसा दाराशी उभी राहून रडली. मार्च निम्मा उलटला त्या सुमारास वॅश्तीबाई गेल्या. पान पाठ करून गेल्या, मक्याच्या पिठाच्या दुरुस्तीसकट.

एवढं वाचून तुमचंही मन भरून आलं असेल. पुस्तक योग्य घरी पोचलं, म्हातारीची इच्छा पुरी झाली, ओडेसाने हिंमत केली. सगळं कसं गोड झालं. बाकीची एकेचाळीस पुस्तकं त्या दिवशी गाडीत होती. ती कोणाबद्दल होती, त्यांत कोणाच्या आईचं नाव होतं, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. काळजी नसावी. संगणकानेही विचारलं नव्हतं.