इंग्लिश सायकलीतले दोष

धोंडाबाईंनी गोठ्याच्या कोपऱ्यातले गवताचे भारे बाजूला केले आणि प्रदीप झटकन पुढे सरसावला. समोर दांड्याच्या ब्रेकची अस्सल इंग्लिश सायकल उभी होती. सीटवर कोंबडी बसली होती, तिला त्याने अदबीने उठवलं. सीटखालचा नंबर शाबूत, मागच्या चाकाच्या हबवर १९५२ सालचा शिक्का, चेनकव्हरही मूळचंच.

जुन्या सायकलींचा जाणकार म्हणून मिरवत प्रदीपने तीन वर्षांत चार इंग्लिश सायकली घेतल्या होत्या. चारही देशी निघाल्या. "पाचवी तशीच निघाली तर पाचही भंगारात जातील, आणि वर तूही," असं बायकोने, मोनिकाने, चांद्याच्या घरून निघताना बजावलं होतं. गेलेली अब्रू आज कोळवणातल्या या गोठ्यात परत मिळणार होती. फक्त जाणकारांचा नियम पाळायचा होता. माल कितीही आवडला तरी दोष काढत राहायचं, म्हणजे भाव उतरतो.

"आजी, पुढच्या चाकाचा चिमटा वाकलाय की हो," तो नाक मुरडून म्हणाला.

"व्हय का?"

"मडगार्डं सडलीत. रिमा तर गेल्यातच जमा."

"आगं बया!"

प्रदीपला चेव आला. फ्रेमला जोड दिलाय, रंग नंतर मारलाय, सायकल इंग्लंडची तर मुळीच वाटत नाही. तो इतक्या आत्मविश्वासाने बोलत होता की मधेच त्याचं त्यालाही ते खरं वाटू लागलं.

"बरं, आलोच आहे तर नेतो. काय द्यायचे बोला."

"न्हाई बाबा," धोंडाबाई निक्षून म्हणाल्या. "असलं भंगार तुमच्या गळ्यात मारून मी पाप कुटं फेडू? वळणावर भंगारवाल्याचा टेम्पो हुबा हाय, त्यालाच देती. ओ भंगारवाले!"

भंगारवाला आला, त्याने सायकल न्याहाळली आणि पिशवीतून हातोडा काढला. "तोडना पड़ेगा, अम्मा."

प्रदीप दोन्ही हात पसरून आडवा आला. "थांबा! आजी, मी खोटं बोललो! चिमटा सरळ आहे, रंग मूळचा आहे. अशी सायकल उभ्या मुळशीत नसेल. पुण्यात लाखाला मागतील!"

"खरं कवा बोललासा? मगाशी का आत्ता?"

"आत्ता. मगाशी भाव पाडत होतो. गाढव आहे मी."

धोंडाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने सीट पुसली. "आमचं मालक मरस्तवर सांगत व्हतं, ही लई मोलाची हाय म्हणून. मी जलमभर त्यांना येड्यात काढलं."

त्यांनी भंगारवाल्याला हात जोडून वाटेला लावलं. प्रदीपने घसा खाकरला.

"मग आजी... मला द्याल ना?"

"आता कशी दिऊ, दादा? तुमीच तर सांगितलं लाखाची हाय. धरा, घरात नेऊ."

नाही म्हणायला प्रदीपला तोंडच उरलं नव्हतं. ते अवजड धूड खांद्यावर घेऊन तो धापा टाकत उंबऱ्याशी पोचला.

"हळू जरा," मागून धोंडाबाई ओरडल्या. "मडगार्डं जपा. इंग्लंडची हायेत!"