बेशुद्ध पडण्याची तयारी

मी बेशुद्ध पडायचं ठरवलं ते एका शनिवारी सकाळी, दाढी करताना. (असल्या गोष्टी माणसाने ठरवून करू नयेत, हे मला आता कळतं. तेव्हा अर्ध्या गालाला साबण होता आणि विचार करायला उरलेला अर्धाच गाल मोकळा होता.)

झालं असं, की आमची लेक अग्निशमन दलाच्या भरतीला दुसऱ्यांदा उतरणार होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणायला लागलो. आता ती गॅसचा भरलेला सिलिंडर एकटीने उचलून स्वयंपाकघरात नेते, तरी नाव चिमणीच राहिलं. मागच्या वर्षी धावणं, दोर, शिडी, सगळं तिने फटाफट पार केलं आणि शेवटी पुतळ्यापाशी अडकली. या भरतीत माणसाच्या वजनाचा, वाळू भरलेला एक पुतळा असतो. तो आगीत बेशुद्ध पडलेला माणूस आहे असं समजायचं, मागून त्याच्या काखेत हात घालायचे आणि शिट्टी वाजायच्या आत त्याला रेषेपलीकडे ओढत न्यायचं. शिट्टी वाजली तेव्हा चिमणीचा पुतळा रेषेच्या अलीकडे होता. मी कुंपणाबाहेर उभा होतो. ती त्या पुतळ्याशेजारी मातीत बसली आणि उगाचच त्याच्या सदऱ्यावरची धूळ झटकत राहिली. ते काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. वयाच्या अटीमुळे यंदाची तिची संधी शेवटची होती.

"पुतळ्याशिवाय सराव करू तरी कसा?" बाहेर ती आईला सांगत होती. "पोती ओढून बघितली. पण पोत्याला काखा नसतात."

मी साबणासकट बाहेर आलो. "मी आहे ना!"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. चिमणीने नजरेनेच माझं वजन केलं. आमची ही म्हणाली, "पोत्याला निदान तोंड तरी नसतं."

सराव आमच्या मजल्यावरच्या लांबलचक पॅसेजमध्ये सुरू झाला. आमच्या दारातून निघायचं आणि जिन्यापाशी थांबायचं. बेशुद्ध पडणं दिसतं तितकं सोपं नाही हो. (ऑफिसातले लोक म्हणतात मला त्याचा दांडगा अनुभव आहे. पण तिथे खुर्ची असते.)

"बाबा, मान सोड."

"सोडली."

"बेशुद्ध माणूस 'सोडली' म्हणत नाही."

"बरं."

"'बरं'ही म्हणत नाही!"

"अगं, पण मागे कुंडी आहे, म्हणून सांगतो..."

"बाबा!"

पहिल्या दिवशी तिने मला शेजाऱ्यांच्या पायपुसण्यापर्यंत नेलं आणि धापा टाकत खाली बसली. मग तिने माझ्या बाहीवरची धूळ झटकली. अगदी तशीच, मागच्या वर्षीसारखी. म्हणून पुढच्या खेपेला मी फारसं काही केलं नाही, फक्त तळपाय जमिनीला टेकवले आणि हळूच जरासा रेटा दिला.

"आई! बघ, पोचलो!" चिमणी ओरडली.

तिचा चेहरा काय फुलला होता! तो चेहरा बघून दुसऱ्या दिवशी रेटा आपोआप वाढला. आठवड्याभरात मी काखेतून लटकत, मागे मागे चालत, चेहऱ्याने पूर्ण बेशुद्ध राहण्यात पटाईत झालो. चिमणी गुणगुणत आंघोळीला जायला लागली. मला वाटायचं, आत्मविश्वास महत्त्वाचा, ताकद काय मागाहून येईल. (ती शाळेत असताना तिचे सगळे प्रकल्प मीच करून द्यायचो. एकदा बाईंनी वहीत शेरा मारला होता, 'वडिलांचं अक्षर सुधारण्याची गरज आहे.' सवय जुनी.)

मला पकडलं आमच्या हिने, कपडे वाळत घालताना.

"अहो, इकडे या. हा मोजा बघा."

"फाटलाय."

"फाटलाय ते मलाही दिसतंय. ओढत नेलेल्या माणसाचा मोजा टाचेला फाटतो. तुमच्या टाचा कशा कोऱ्या करकरीत आहेत, आणि तळवे चाळणी झालेत."

मी मोज्याकडे बघत राहिलो. चिमणी दारात उभी होती हे मला उशिरा कळलं.

"म्हणजे मी तुला ओढत नव्हतेच," ती म्हणाली. "तू चालत होतास."

"अगदी थोडासा."

"बाबा, खऱ्या आगीत कोण चालणार आहे?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी बराच वेळ त्या दाराबाहेर उभा राहिलो. शेवटी दारालाच म्हणालो, "तुला पुन्हा तशी मातीत बसलेली मला बघवत नाही गं."

आतून आवाज आला. "मग बघू नकोस. पण बसायची वेळ आली, तर मला बसू दे."

आयुष्यभर मी तिच्या सायकलीला मागून धरून पळत आलो होतो. सायकल कधीच विकली, तरी माझा हात काही सुटला नव्हता, एवढंच त्या दारापाशी माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रामाणिकपणे बेशुद्ध पडायला लागलो. पण जमेना. पाय ऐकेनात. ती ओढायला लागली की ते आपले आपण टेकायचे. शेवटी हिनेच मार्ग काढला.

"यांना पोटभर वाढ," ही म्हणाली. "जेवल्यावर हे सोफ्यावर पडतात ना, तेव्हा ने. त्याच्याइतकी खरी बेशुद्धी तुला कुठे मिळायची नाही."

तेव्हापासून दुपारचं जेवून मी सोफ्यावर लवंडायचो आणि चपलांच्या कपाटापाशी जागा व्हायचो. कधी लिफ्टसमोर. (पहिल्यापेक्षा माझी झोप बरीच सुधारली.) चिमणीला आता पूर्वीच्या निम्मंही अंतर जमत नव्हतं, पण जेवढं जमत होतं तेवढं तिचं होतं. हळूहळू जिना जवळ येत गेला.

अशाच एका दुपारी खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका माझी पँट द्यायला वर आले. चिमणी मला काखेत धरून ओढतेय आणि ही माझा चष्मा हातात घेऊन शेजारून चालतेय, हे बघून ते भिंतीला टेकले. पुढचं मला हिनेच सांगितलं.

"कधी झालं?" काकांनी विचारलं.

"आत्ताच, जेवल्या जेवल्या."

"आजारी होते?"

"छे हो! दोनदा वाढून घेतलं."

"शेवटचं काही बोलले?"

"'पंखा वाढव' म्हणाले."

काकांनी डोळे पुसले. "आता कुठे नेताय?"

"जिन्यापर्यंत. मग परत आणतो."

"परत?"

"रोजच नेतो आम्ही."

नेमका त्याच वेळी मला जाग आली. समोर काका दिसले, म्हणून साहजिकच मी विचारलं, "झाली का पँट?" काका पँट टाकून जे खाली पळाले, ते अजून आमच्या मजल्यावर आलेले नाहीत. पण त्या दिवशी मी डोळे उघडले तेव्हा माझं डोकं जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतं. चिमणी पोचली होती, माझ्या रेट्याशिवाय.

भरतीच्या दिवशी मी आणि ही पुन्हा त्याच कुंपणाबाहेर उभे होतो. धावणं झालं, दोर झाला, शिडी झाली. मग पुतळा आला. चिमणीने त्याच्या काखेत हात घातले आणि निघाली. मी कुंपणाची जाळी घट्ट धरली. मध्यावर तिचा पाय घसरला, ती गुडघ्यावर आली. मला डोळे मिटावेसे वाटले. पण मिटले नाहीत. बसायची वेळ आली तर बसू दे, असं ती म्हणाली होती.

ती बसली नाही. तिने पुतळ्याला पुन्हा वर घेतलं, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि ओढतच राहिली. शिट्टी वाजली तेव्हा पुतळ्याचे पायसुद्धा रेषेपलीकडे होते. तिने त्याच्या सदऱ्यावरची धूळ झटकली.

"पास!" साहेब ओरडले.

मी रडत होतो. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण उजवा पाय गार का लागतोय म्हणून खाली बघतो तर काय, कुंपणापाशी मातीत दोन खड्डे पडलेले, आणि माझ्या बुटाचा तळ सुटून त्यातल्या एकात रुतलेला. चिमणी ओढत होती तितका वेळ मी बाहेरून रेटा देत होतो.

हिने खड्डे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं बाई, मध्ये कुंपण होतं."

चिमणी धावत बाहेर आली, आम्हा दोघांना मिठी मारली आणि माझ्या पायाकडे बघून हसत सुटली. "पुतळ्याला काय म्हणालीस गं?" मी विचारलं.

"म्हटलं, मान सोड. बाबा, चालता येईल का तुला?"

"येईल की!"

"बेशुद्ध माणूस 'येईल की' म्हणत नाही," ती म्हणाली आणि तिने माझ्या काखेत हात घातले.

या खेपेला मी मान सोडली. हात सोडले. पायसुद्धा खरंच सोडले. तोंडही मिटलं. लेक ओढेल तिकडे निघालो. मैदानाच्या फाटकापर्यंत झकास पोचलो, तेवढ्यात मागून पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला.

"ओ ताई! पुतळा बाहेर न्यायचा नाही!"

"हा आमचा घरचा आहे!" वाटेत निसटलेला माझा बूट हातात घेऊन येणारी ही मागून ओरडली.

पहारेकरी वाकला. त्याने मला डोक्यापासून खालपर्यंत नीट तपासलं आणि पायापाशी येऊन त्याची खात्री पटली.

"न्या, न्या," तो म्हणाला. "आमच्याला दोन्ही बूट आहेत."