घरपोचचं बिऱ्हाड

मी कुरिअर कंपनीत आहे. पत्ता बदललेल्या माणसांची परत आलेली पाकिटं माझ्या टेबलावर येतात आणि मी त्या माणसांना हुडकून काढतो. (हे काम मला बऱ्यापैकी जमतं, असं माझं मत आहे. साहेबांचं वेगळं आहे.) त्यामुळे बिऱ्हाड हलवणारी माणसं मला नवीन नाहीत. पण माझे ब्लॉगवरचे मित्र जितक्या वेळा जागा बदलतात, तितक्या वेळा भाडेकरूही बदलत नसतील.

मित्र म्हणजे दोघंच. एक दातांचा डॉक्टर, तो 'दाढदुखी' या नावाने लिहितो. दुसरी 'गच्ची'. ती गच्चीवरच्या टोमॅटोंबद्दल लिहिते, आणि टोमॅटो संपले की नवऱ्याबद्दल. मी 'घरपोच'. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण माझ्या लेखाखाली दाढदुखी 'हा हा' असं लिहितो, त्यावर माझा आठवडा निघतो. घरात माझ्या विनोदाला कोणी हसत नाही. बायको लेख वाचायला घेते, दोन ओळी वाचते आणि विचारते, "गॅस बंद केलात का?"

तर हे दोघं सारखे उठतात आणि दुसऱ्या साइटवर जातात. एकदा काय, तर जाहिराती वाढल्या. एकदा गच्चीला अक्षरं बारीक वाटली. मी मागून धापा टाकत पोचतो, पासवर्ड विसरतो, नवा घेतो, जरा कुठे टेकतो, तोच दाढदुखीची पाटी लागते, 'मंडळी, इथून निघालो.'

या वेळची जागा म्हणे फारच झकास होती. तिथे लेख लिहिला की तो ईमेलने वाचकाच्या घरी जाऊन पडतो. हे ऐकून मी पाघळलोच. (आमचा धंदाच तो.)

"या वेळी जुनं सगळं टाकून जा," बायको म्हणाली. "नव्या जागेत कशाला ती अडगळ?"

अडगळ म्हणजे माझं इतक्या वर्षांचं लेखन.

"एकही लेख मागे राहणार नाही," मी बाणेदारपणे म्हणालो.

नव्या साइटवर 'जुने लेख आणा' असं बटण होतं. दाबलं. मग साइटने विचारलं, 'ओळखीच्यांना कळवू का?' ओळखीचे म्हणजे दाढदुखी आणि गच्ची, अशी माझी भाबडी समजूत. कळव म्हटलं आणि डबा घेऊन ऑफिसला गेलो.

साइटने माझ्या फोनमधली झाडून सगळी माणसं धरली. सासूबाई, साहेब, आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, नळ दुरुस्त करणारा. आणि माझे जुने लेख एकेक करून, वर आजची तारीख घालून, सगळ्यांना पाठवायला घेतले. हे मला कळलं ते साहेबांकडून.

"राजीनामा खिशात आहे म्हणता," ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले. "द्या."

"कसला राजीनामा, सर?"

त्यांनी फोन पुढे केला. 'आज राजीनामा खिशात घालूनच ऑफिसला निघालो.' लेख माझाच, पण जुनापुराणा. त्यातले साहेबसुद्धा आधीचे. (पुढे मी राजीनामा समजून साहेबांच्या हातात लाँड्रीची पावती ठेवतो. दाढदुखीने तेव्हा 'हा हा' केलं होतं.) मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे हा विनोदी लेख आहे?"

"हो, सर."

"तसं वर लिहीत जा."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, ती अजून पोचली नाही हो."

"कोण?"

"कोण काय विचारता? तुम्हीच लिहिलंय, 'ही भांडून माहेरी निघून गेली. घर कसं शांत वाटतंय.' माहेर म्हणजे इथेच ना? मग कुठे आहे माझी मुलगी?"

"आई, तो जुना लेख आहे."

"तारीख आजची आहे. आणि तिचा फोन बंद आहे."

फोन बंद असणारच. ही पोहायला शिकवते, पाण्यात उतरताना फोन कपाटात ठेवते. पण हे मी सांगेपर्यंत सासूबाई टॅक्सीत बसल्यासुद्धा होत्या.

मी धावतपळत घरी पोचलो, तर सासूबाई जिन्यात पिशवी घेऊन बसलेल्या आणि शेजारी सेक्रेटरी उभे. "खचू नका," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. त्याच वेळी ही ओल्या केसांनी जिना चढून आली. सासूबाईंनी तिला घट्ट धरलं.

"अगं, घर सोडून कुठे गेली होतीस?"

"क्लासला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काय केलंत?"

नवऱ्यानेच काहीतरी केलंय, हे बायकांना न सांगता कसं कळतं, कोण जाणे. मी सगळं सांगितलं. चहा झाला. सासूबाई निवळल्या. निभावलं असं वाटतंय तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "'सासूबाई आल्या आणि झोप गेली.'"

 त्या लेखात सासूबाईंच्या घोरण्याने कपाटातले ग्लास किणकिणतात आणि खालच्या मजल्यावरचा माणूस भूकंप समजून कुटुंबासकट मैदानात जाऊन उभा राहतो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. हसल्या नाहीत. खालच्या प्रतिक्रियेवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हा 'हा हा' करणारा कोण?"

"मित्र आहे. दातांचा डॉक्टर."

"असं होय," म्हणत त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

मी घाईघाईने मेल थांबवले आणि मित्रांची माफी मागायला गेलो, तर तिथे पाटी. 'मंडळी, इथून निघालो. घरपोचचे मेल आवरत नाहीत.' या वेळी पुढचा पत्तासुद्धा नव्हता. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. आजवर ते जाहिरातींना कंटाळून जायचे, आता मला कंटाळून गेले होते. गावातल्या सगळ्या हरवलेल्या माणसांना शोधणारा मी, पण हे दोघं काही सापडेनात.

एका संध्याकाळी ही फोनमध्ये बघून हसत होती. साधंसुधं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय वाचतेस?"

"आईचा ब्लॉग."

सासूबाईंनी कवळी टोचते म्हणून त्या 'हा हा'च्या खालीच दाढदुखीला लिहिलं होतं. त्याने उपाय सांगितला, आणि बोलता बोलता नव्या साइटवर बोलावूनही घेतलं. त्यांचा पहिलाच लेख, 'जावई लिहितात आणि झोप येते.' खाली गच्चीने लिहिलं होतं, 'अगदी आमच्या ह्यांच्यासारखे.' आणि त्याखाली दाढदुखी, 'हा हा हा.' तीनदा. मला कधी दोनाच्या वर मिळाले नाहीत.

मी मान खाली घालून हिला म्हटलं, मलाही तिकडे यायचंय, आईंना विचारून बघ. तिने विचारलं. लगेच उत्तर आलं.

'या म्हणावं. फक्त जुने लेख आणू नका. इथे लोक वाचतात.'